ती भूक नसतेच

आवाजावर पोट भरणारी माणसं रेकॉर्डिंगच्या आधी नीट जेवून घेतात. रिकामं पोट गुरगुरलं की माईक ते टिपतो आणि सगळा टेक वाया जातो. मीही नेरूळच्या माझ्या घरात सकाळी तांदळाची भाकरी आणि जवल्याची चटणी खाऊन मगच कपाटात शिरायचे. कपाट म्हणजे खरोखरचं कपाट. त्यातले कपडे काढून, आत तिन्ही बाजूंना गोधड्या लावून मी त्याचा स्टुडिओ केला होता. तिथे बसून मी फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा' म्हटलं, शाळेच्या धड्यांना आवाज दिला, आणि मग दोन वर्षं एका चॅनेलवरून मुलींना काय खावं, काय खाऊ नये ते सांगितलं.

चॅनेल एका तरुण जोडप्याचं होतं. त्यांच्या व्हिडिओत चेहरा नसायचा. फक्त एका मुलीचे बारीक हात, पांढरी वाटी, वाटीत चार फोडी फळ आणि चमचाभर बिया. वरून माझा आवाज. मजकूर इंग्रजीतून यायचा, तो मराठीत मी करायचे. पहिला व्हिडिओ ऐकून त्या जोडप्यातली बायको म्हणाली, "ताई, बातम्या वाचल्यासारखं होतंय. घरातल्या कोणाला तरी सांगताय असं बोला ना."

घरातली अशी एकच होती. उलव्याला राहणारी माझी भाची, दादाची मुलगी. ती तेव्हा दहावीत होती. मला मूलबाळ नाही. वहिनी नोकरीला जायची, तेव्हा लहानपणी तिला भरवायचं काम माझंच असायचं. ताट घेऊन मी तिच्यामागे सगळ्या घरभर फिरायचे. मग मी कपाटात डोळे मिटून तिला समोर आणायला लागले. ती बसली आहे, मी तिला समजावते आहे, असं धरून बोलायचे. काम सोपं झालं. आवाजात माया आली.

त्यातलंच एक वाक्य होतं. "भूक लागल्यासारखं वाटतंय ना? थांब जरा, बाळा. ती भूक नसतेच. ती नुसती सवय असते." मूळ मजकुरात 'बाळा' नव्हतं, ते मी घातलं. 'नसतेच'मधला 'च'सुद्धा माझाच. त्या दोघांना ते फार आवडलं. हळूहळू मुली तो तुकडा उचलून आपापल्या व्हिडिओखाली लावायला लागल्या. मला बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू?

पुढच्या वर्षी गावदेवीच्या जत्रेला आम्ही सगळे उलव्याला जमलो. जमीन विमानतळात गेल्यावर मिळालेल्या प्लॉटवर दादाने बिल्डिंग बांधली आहे, तिथे. आईने मटण केलं होतं, वडे तळले होते. भाची कॉलेजात जायला लागली होती आणि खूप बारीक झाली होती. ती सगळ्यांना वाढत होती, पाणी आणून देत होती. बसायची तेवढी टाळत होती.

आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पोर काय खात नाय गो. नुसती ताटान हात फिरवते."

"वय आहे गं तिचं," मी म्हटलं. आणि भाचीला जवळ बोलावून म्हणाले, "छान दिसतेस हां आता."

ती हसली. तसं ती लहान असताना, पूर्ण ताट संपवल्यावर मी 'शाब्बास' म्हटलं की हसायची.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तिच्या कॉलेजातून मला फोन आला. कॉलेज नेरूळलाच, म्हणून फॉर्मवर माझा नंबर दिलेला होता. ती जिन्यात चक्कर येऊन पडली होती. मी गेले तेव्हा तिला एका खोलीत बाकावर झोपवलं होतं. उशाशी कोणा मॅडमनी चहा आणि बिस्किटं ठेवली होती, ती तशीच. मी तिचा हात हातात घेतला. मनगट माझ्या बोटांत मावून वर जागा उरत होती.

"एक बिस्कीट खा," मी म्हटलं. "भूक लागली असेल."

तिने डोळे उघडले नाहीत. सावकाश म्हणाली, "ती भूक नसतेच, आत्या. ती नुसती सवय असते."

शब्द माझे होते हे कळायला वेळ लागला नाही. पण हेलही माझा होता. 'नसतेच'नंतर मी घेते तेवढाच श्वास तिने घेतला. आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून, इतका अशक्त होऊन बाहेर येताना मी कधी ऐकला नव्हता.

दादा गाडी घेऊन येईपर्यंत आम्ही दोघीच होतो. न राहवून मी विचारलं, "तुला माहीत होतं, तो आवाज माझा आहे?"

"पहिल्याच दिवशी ओळखला."

"मग मला बोलली का नाहीस?"

तिने भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "तू 'बाळा' म्हणालीस ना. मला वाटलं, तू मलाच सांगतेस. तोंडावर सांगायला तुला बरं वाटत नसेल, म्हणून तिथून सांगतेस."

ते खोटं आहे असं मला म्हणता येईना. ते वाक्य मी तिलाच समोर बसवून म्हटलं होतं.

ती काही दिवस हॉस्पिटलात होती. तिथल्या डॉक्टर बाई फार कमी बोलायच्या. त्यांनी दादा-वहिनीला बसवून सांगितलं, हे नखरे नाहीत, आजार आहे, आणि बरं व्हायला वेळ लागेल. सगळे बाहेर गेल्यावर मी त्यांना माझ्या कामाचं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या रागावतील. निदान रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एका आवाजाने कोणी इतकं आजारी पडत नाही," त्या म्हणाल्या. "बरीच कारणं असतात. पण बाकीचे आवाज तिला परके होते. तुमचा ओळखीचा होता."

रोज जेवताना तिच्यासोबत कोणीतरी बसावं, असं त्यांनी सांगितलं. मी चॅनेलचं काम सोडलं आणि दुपारचं बसणं माझ्याकडे घेतलं. नेरूळहून बसने उलव्याला जायचं, तिच्यासमोर ताट घेऊन बसायचं. पहिल्या दिवशी वहिनी भात आणि बोंबलाचं कालवण करून कामावर गेली होती. मी वाढलं आणि म्हटलं, "हळूहळू जेव. घाई नाही."

तिने हातातला घास खाली ठेवला.

"आत्या, तू बोलू नकोस ना. तू बोललीस की मला त्या व्हिडिओतलं पुढचं ऐकू येतं."

म्हणून मी बोलले नाही. त्या दिवशीही नाही, आणि पुढे कित्येक महिने त्या टेबलावर नाही. दादाकडेच राहणारी माझी आई मात्र बोलायची. ती शेजारी बसून खाडीच्या गोष्टी सांगायची, चिखलात निवट्या, म्हणजे उड्या मारणारे बारके मासे, कशा धरायच्या ते. "पाय घातला का पलाली," असं म्हणून हाताने दाखवायची. भाची ऐकता ऐकता एक घास घ्यायची, मग बऱ्याच वेळाने दुसरा. काही दिवस रडायची. काही दिवस ताट ढकलून आत जायची आणि आई तिच्यामागे जायची. मी बसून राहायचे. बोलण्यावर ज्याचं घर चालतं त्या माणसाने तोंड मिटून बसायचं, ही शिक्षा कोणी दिली नव्हती, पण ती योग्य होती असं मला वाटायचं.

चॅनेलच्या जोडप्याला मी सगळं सांगितलं. ती माणसं वाईट नव्हती. बायको फोनवर रडली. दोन दिवसांत त्यांनी ते सगळे व्हिडिओ काढून टाकले. पण आवाज कधीच त्यांच्या हातून निसटला होता. कोणी त्याचा वेग वाढवला होता, कोणी खाली पियानो घातला होता.

एकदा मी एपीएमसीच्या फळबाजारात गेले होते. संत्र्यांच्या पेट्यांवर एक मुलगी बसली होती, तेरा-चौदा वर्षांची. आई भाव करत होती आणि ही फोन बघत होती. त्यातून मी बोलत होते. थांब जरा, बाळा.

मी तिच्याजवळ गेले. "हा आवाज माझा आहे," मी म्हटलं. "ते खरं नाही गं. मला लिहून दिलं होतं, मी वाचलं. त्याचं ऐकू नकोस."

तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं. फोन कानाशी धरून परत एकदा ऐकलं.

"तुमचा नाही वाटत," ती म्हणाली. "ती किती प्रेमाने बोलते."

तिच्या आईने हाक मारली आणि ती गेली. मी तिथेच उभी होते. कितीतरी पेट्या हमालांनी माझ्या बाजूने नेल्या.

भाची आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तब्येत सुधारली आहे, मैत्रिणींबरोबर बाहेर खाते, डॉक्टरांकडे अजून अधूनमधून जाते. मी लहान मुलांना घरी शिकवते. कपाटात पुन्हा कपडे आहेत. आता टेबलावर आम्ही बोलतो, पण मी आधी तिचं तोंड बघते आणि मगच बोलते.

मागच्या महिन्यात मी उलव्याला गेले होते. आई झोपली होती, आम्ही दोघीच जेवत होतो. मधेच तिचा हात थांबला. तिने ताटाकडे बघत म्हटलं, "आज येतोय."

पूर्वी एकदा मी विचारलं होतं, कोणाचा आवाज, माझाच का? ती 'हो' म्हणाली होती. आता मी विचारत नाही.

"मी आत जाऊ का?" मी म्हटलं.

"नको. बस."

खिडकीवरून विमान गेलं, काचा थरथरल्या. ती पाणी प्यायली. मग भात कालवला, एक घास घेतला, चावत राहिली, कोणाशी तरी वाद घालत असल्यासारखी कपाळाला आठ्या घालून. ताट संपायला अर्धा तास लागला. ते उचलून ती उठली आणि माझ्या ताटाकडे बघून थांबली.

"तू काहीच खाल्लं नाहीस, आत्या."

"भूक नाही," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर मान खाली घातली.