काकूंचा उचाट्या

"डोळ्यांना विटाळ होत नाही," असं म्हणून काकू एका हाताने पदर नाकाला लावायच्या आणि दुसऱ्या हाताने दुर्बीण डोळ्यांना. समोर अर्ध्या उज्जैनचं सांडपाणी संथ पसरलेलं असायचं.

फ्रीगंजमधल्या आमच्या समोरच्या घरातल्या ह्या काकू. सोवळं इतकं कडक, की दुधाची पिशवीसुद्धा आंघोळ घालूनच घरात घ्यायच्या. आणि हीच बाई हिवाळाभर दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून गटाराच्या तळ्यावर यायची. आता बोला!

तिथला चौकीदार पहिल्यांदा गोंधळलाच. "माताजी, यहाँ घूमने कौन आता है?"

"घूमने नहीं भैया, दर्शन को आए हैं. यहाँ न लाइन है, न व्हीआयपी पास."

लांब लाल पायांचे शेकाटे पक्षी त्या घाणीतून डौलात चालायचे. काकू खूश! "बघ, परकर कसा वर धरून चालतायत! एक थेंब उडवत नाहीत अंगावर. शीक जरा."

शिकायचं म्हणजे आंघोळ. परतल्यावर काकू मागच्या दाराने थेट मोरीत. मी मात्र देवास गेटला पोहे-जलेबी हाणून तसाच लोळायचो. "अरे, डोक्यावरून दोन तांबे घे रे!" त्या खिडकीतून ओरडायच्या. मी "घेतो, घेतो" म्हणत पांघरूण ओढायचो.

त्यांची एकच हौस राहिली. वर वळलेल्या चोचीचा उचाट्या त्यांनी फक्त पुस्तकात पाहिला होता. "तो एकदा दिसला की मी सुटले बाबा," म्हणायच्या. तो दिसला नाही. गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या.

दहाव्याला राम घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. पुण्याहून आलेला मुलगा विनवत होता, "आई, घर विकणार नाही. आई, तुझे तांबे-घागरी मोडीत घालणार नाही." कावळे ढिम्म. गुरुजी घड्याळ बघायला लागले. मला एकदम उचाट्या आठवला. हात जोडून म्हणालो, "काकू, थंडीत मी तळ्यावर जाईन. तुमचा उचाट्या बघीन."

एक कावळा खाली उतरला आणि माझ्याकडे रोखून बघत बसला. ती नजर माझ्या ओळखीची होती.

"आणि आल्यावर आंघोळ करीन."

कावळा दोन उड्या मारून थांबला.

"डोक्यावरून!"

पिंडावर चोच पडली. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

ह्या थंडीत उचाट्या आला. मी काकूंच्याच दुर्बिणीतून तो डोळे भरून पाहिला आणि त्या शेजारी नाहीत ह्याचं फार वाईट वाटलं. पोहे न खाता घरी आलो, कुडकुडत डोक्यावर पाणी ओतलं आणि समोरच्या बंद खिडकीकडे बघून ओरडलो, "घेतले हो काकू, दोन्ही तांबे घेतले!"