कौलकाकांचा अर्ज

कौलकाका कुणाशीही बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसत. त्याच्या डोक्यावरच्या छपराकडे बघत. लग्न होऊन मी कांदिवलीच्या जुन्या गावठाणात आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा माझ्या अंबाड्याकडेच टक लावतोय. दोन दिवस मी फुगून होते. तिसऱ्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "बाय, तुझ्या डोक्यावरचा तिसरा कौल फुटला हा. पावसाच्या आधी बदलूक व्हया." अंबाड्याचं नावही नाही!

मूळचे मालवणचे, जन्म गिरणीत गेलेला. म्हातारपणी त्यांनी बाजारचौकाची शाकारणी घेतली होती. दर वैशाखात कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा चढवायची. प्रत्येक कौलावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. खणखणीत वाजलं की ठेवायचे, बद्द वाजलं की बाजूला. "बोलता ता ठेवूचा, मुका झाला ता टाकूचा," म्हणायचे. महिला मंडळातल्या आम्हा बायकांकडे बघूनही एकदा म्हणाले होते, "तुमच्यातला एकव टाकूक नको."

चौक त्यांनीच मला शिकवला. मधोमध दगडी हौद, पूर्वी गाड्यांच्या बैलांसाठी बांधलेला. भोवती चारी अंगांनी ओटे, एकीकडे भाजी, पलीकडे मासळी. वर सागाच्या खांबांवर मोठं कौलारू छप्पर आणि त्याच्या डोक्यावर आणखी एक छोटं, हातभर उचलून बसवलेलं. मी आपली शहाणपणाने म्हटलं, "शोभेसाठी असेल."

"शोभा कसली गो! माशांचो वास नि माणसांचो वाफारो त्या फटीतसून भायर जाता. ज्येना ह्या बांधल्यान, त्येका खाली बसणाऱ्या बायांची काळजी होती."

८५-८६च्या सुमारास पालिकेत चौक पाडून तिथे स्लॅबची इमारत बांधायचं घाटू लागलं. छप्पर धोकादायक, असं कारण. काका चढून सगळं तपासून आले. पश्चिमेची एक तुळई तेवढी वाळवीने खाल्ली होती. अर्ज करायचा ठरला आणि लिहायला ते माझ्याकडे आले. मी मंडळाची चिटणीस, त्यातून शाळेत निबंधाची बक्षिसं मिळवलेली!

"मोजक्यात लिव. एक तुळई बदला, बाकी छप्पर धड आसा. बस्स."

मोजक्यात? माझ्यासारख्या विदुषीने? दुपारभर बसून मी लिहिलं: 'असंख्य पावसाळे झेलून थकलेले हे छप्पर आज अखेरचे श्वास मोजत आहे. त्याची जर्जर हाडे केव्हा मोडून पडतील, सांगवत नाही. त्यास जीवदान द्यावे!' माझ्याच वाक्याने माझे डोळे भरून आले. तुळई मी शेवटी ताजा कलम करून टाकली.

काकांनी बोट फिरवत सावकाश वाचलं. "पण छप्पर थकला नाय गो."

"अहो काका, साहेबांना पाझर फुटायला नको का? लिहिण्यात असंच असतं."

"तुका म्हायत," म्हणाले आणि एकेक अक्षर कौलासारखं जुळवत त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. वर्षानुवर्षे दुरुस्ती करणारे अर्जदार स्वतःच छप्पर जर्जर असून केव्हाही पडेल असे लेखी कळवीत आहेत, सबब ते विनाविलंब उतरवावे. ताज्या कलमापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

मी धावत गेले. "काका, दुसरा अर्ज लिहू?"

"नको बाय. एका अर्जान छप्पर गेला, दुसऱ्यान हौद जायत."

तोही गेलाच म्हणा, माझ्या मदतीशिवाय. आता स्लॅब गळतो आणि कोळणी डोक्यावर निळं प्लास्टिक बांधून बसतात. सोसायटीच्या तक्रारवहीत मी हल्ली 'नळ गळतो' एवढंच लिहिते. फार उशिरा सुचलेली अक्कल.

तेव्हा छप्पर उतरवताना काकांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सवयीने प्रत्येक कौलावर टकटक करत होते. टण, टण, टण. खाली भाजी घेणाऱ्या बायका थांबून ऐकत होत्या. मी त्यांच्यातच उभी होते, पिशवी घेऊन. संध्याकाळपर्यंत मुकी निघाली ती अवघी चार-पाच.

गावी कायमचे निघाले तेव्हा मला चौकातच भेटले. वर नुसतं आभाळ. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"अक्षर मात्र बरा आसा हां तुझा," म्हणाले.