आधी अलग, मग इलाज

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भिलाईच्या पावर हाउस बाजारात वांगी निवडत होते. "ताई, तुमचे भाऊ गेले," एवढंच ती बोलली. मग बराच वेळ फोनमधून नुसता माशांच्या टाकीच्या पंपाचा आवाज येत राहिला... वांगी तिथेच टाकून मी ऑटो केला आणि सेक्टर २ मधलं त्याचं घर गाठलं. दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हाच पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ऑटोवाल्याला मी चुकीचं वळण सांगितलं. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं असा रिवाज आहे. मी प्रयत्न करणार आहे. पण मधुकरदादा माझा सख्खा भाऊ होता, आणि मला त्याचा राग आलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. राग त्याच्या माशांवरून आहे आणि त्याच्या नातीवरून आहे.

आमचे वडील पोलादाचा प्लांट उभा राहत असताना भंडाऱ्याकडून भिलाईला आले. ते लवकर गेले आणि त्यांच्या जागेवर दादाला नोकरी लागली. सारा जन्म त्याने कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांच्या धुरात काढला. रिटायर झाल्यावर त्याच्या सोबतचे कोणी सकाळी फिरायला लागले, कोणी विहारात जाऊन बसायला लागले, कोणी प्लॉटचे सौदे करायला लागले. ह्याने समुद्र पाळला. जिथून समुद्र पाहायला रेल्वेत बसून अंग आंबून जातं, त्या गावात हा माणूस निळ्या ड्रममध्ये खास मीठ ढवळून समुद्राचं पाणी तयार करायचा, त्यात जोकर मासे, पिवळे मासे आणि एक निळा मासा सोडायचा आणि पुढे खुर्ची टाकून बसायचा. आमच्या घराण्यात मासा म्हटलं की तर्री, एवढीच ओळख. "न तळाच्या कामाचे, न रस्स्याच्या," वहिनी म्हणायची, "आन् लाड पाहा जवायासारखे." दादा हसायचा. चेष्टा त्याला लागत नसे. माशाने खाणं सोडलं की मात्र लागे.

सुरुवातीला एकदा त्याची अख्खी टाकी मेली होती. रायपूरहून एक देखणा मासा आणला आणि उत्साहाच्या भरात थेट टाकीत सोडला. थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर सोनेरी पावडर भुरभुरल्यासारखं दिसू लागलं. मग बाकीचेही पंपाच्या धारेत तोंड खुपसून धापा टाकू लागले, आणि दादाला आजाराचं नाव कळेपर्यंत एकेक करून उलटे झाले. मी गेले तेव्हा तो बादलीपाशी बसला होता. त्यानंतर त्याने मागच्या अंगणातली पत्र्याची खोली साफ केली, तिथे एक उघडी-बोडकी टाकी मांडली आणि नियम केला. नवा मासा कितीही तंदुरुस्त दिसो, आधी काही आठवडे मागच्या खोलीत. मोठ्या टाकीतला एखादा मलूल दिसला तर तोही तिकडे. जाळी वेगळी, बादली वेगळी, आणि हात धुतल्याशिवाय या टाकीतून त्या टाकीत बोट घालायचं नाही. भिलाई-दुर्गातले मासे पाळणारे त्याला फोनवर व्हिडिओ पाठवायचे. तो सगळ्यांना एकच ऐकवायचा, "आधी अलग, मग इलाज. घाईघाईत मोठ्या टाकीत औषध ओतू नको बापा, सारे मरतीन."

मलाही त्याने पाहायला शिकवलं. एका दुपारी गेले तर निळ्या माशाच्या अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके. "ठिपके मंग पाह्य," तो म्हणाला, "पयले त्याचा दम पाह्य. गलफडं कसे फडफड करून राहिले." कल्ले खरंच भराभर उघडझाप करत होते. त्याने तो मासा मागच्या टाकीत नेला आणि पाण्यात तांब्याचं औषध मोजून घातलं. मोठ्या टाकीत ते घालता येत नाही, त्याने प्रवाळ आणि झिंगे मरतात. पुढच्या खेपेला गेले तर ठिपके गायब. मी म्हटलं, झाला की बरा. दादाने माझ्याकडे नापास पोरीकडे पाहावं तसं पाहिलं. "ठिपके गळले म्हंजे बिमारी गेली नाई, शालू. तिकडं मोठ्या टाकीत वाळूत पडले हायेत ते किडे, पिल्लं देऊन राहिले." मग बाकीचे मासेही त्याने मागे हलवले आणि मोठी टाकी दोन-अडीच महिने माशांवाचून चालू ठेवली. किड्यांना चिकटायला अंगच मिळालं नाही की ते उपाशी मरतात म्हणे. वहिनी त्या रिकाम्या टाकीची काच पुसताना वैतागायची. निळा मासा वाचला. अजून आहे.

मग दादाला खोकला लागला. वहिनीने काढे दिले. मी दवाखान्याचं नाव काढलं की तो म्हणे, कोक ओव्हनवाल्याला खोकला पेन्शनसोबतच मिळतो. मध्ये खोकला कमी झाला तेव्हा वहिनी खूश झाली, तो झाला नाही. तेवढ्यात पल्लवी, त्याची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली. ती आली आणि दादाने आपली खाट उचलून मागच्या पत्र्याच्या खोलीत नेली. मासे बिमार आहेत, लक्ष ठेवावं लागतं, असं सांगितलं. जेवणही तिकडेच. "पप्पाले लेकीपरस मासे प्यारे हायेत," पल्लवी म्हणाली. तेव्हा ती हसत म्हणाली होती.

मुलगी झाली. नामकरणाला घर भरलं, त्रिसरण-पंचशील झालं, यशोधरा नाव ठेवलं, खीर वाटली गेली, आणि आजोबा बाहेर पेरूच्या झाडाखाली तोंडाला गमछा बांधून उभे. पल्लवी बाळ घेऊन अंगणात गेली. "घ्या ना पप्पा." दादा मागे सरकला. "हात खराब हायेत बेटा, औषधाचे." औषधाचे हात धुता येतात, हे न कळण्याइतकी आमची पोरगी भोळी नव्हती. तिने बाळ छातीशी धरलं आणि आत आली. स्वयंपाकघरात माझ्यापाशी रडली. "लडका होता तो लेते, आत्या. मले समजते." मी तिची समजूत घातली खरी, पण मनात माझ्याही तेच आलं होतं. ज्या माणसाने ओव्हरटाइम करकरून लेकीला इंजिनीअर केलं, त्याला नात नको? पल्लवी सासरी गेली ती मन मोडूनच. नंतर आईला फोन करायची, पप्पांना बोलवा म्हणायची नाही.

तिची गाडी सुटली आणि दादाने मला निरोप धाडला, चल दवाखान्यात. आपणहून. पार वाळून गेला होता. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने आम्हाला बसवून नीट सांगितलं, फुप्फुसाचा कॅन्सर, पसरलेला. वहिनीने माझा हात घट्ट धरला. दादाने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"टीबी नहीं है?" त्याने विचारलं.

"नहीं अंकल."

"तो ये... दूसरे को लगता नहीं?"

"नहीं अंकल. छूने से, साथ रहने से, किसी को नहीं लगता."

 दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हंजे मले घेता आली असती तिले."

मग सगळं बाहेर आलं. आमचे वडील टीबीने गेले होते. मी तेव्हा कडेवर होते, मला काही आठवत नाही. दादाला सगळं आठवत होतं. शेजाऱ्यांनी दारं कशी लावून घेतली, नातेवाईक पाणीही न पिता कसे परत गेले. पल्लवीच्या सासरी टीबीचं नाव गेलं तर ते अवघडलेल्या पोरीला उचलून घेऊन जातील, तिच्यावर जन्मभराचा बोल राहील, म्हणून हा डॉक्टरकडे गेलाच नाही. लेक सुखरूप परत गेली की पाहू, असं ठरवून मागच्या खोलीत जाऊन बसला. अलग झाला, इलाज ठेवला बाजूला. दुनियेला शिकवलेला नियम स्वतःपुरता अर्धाच पाळला. आणि माशाचा दम मोजल्याशिवाय औषधाची बाटली न उघडणाऱ्या ह्या माणसाने स्वतःच्या आजाराला मात्र न तपासता नाव देऊन टाकलं! "थोडा पहले आते तो..." डॉक्टर म्हणाली आणि थांबली. मी दवाखान्याच्या आवारात दादावर ओरडले, "मले तं सांगाचं होतं."

"तुले सांगतलं असतं तं तू तुह्या वहिनीले सांगतलं असतं," तो म्हणाला. ते खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

पल्लवीला आजार कळवला. पण गमछ्याची गोष्ट फोनवर काढू नका, समोर बसवून मीच सांगतो, असं त्याने आम्हाला बजावलं. तिची तिकिटं निघाली होती, पण ती निघायच्या आतच तो गेला.

ती अंत्यविधीला पोचली. माणसं पांगल्यावर मी तिला मागच्या खोलीत नेलं, त्याच्या खाटेवर बसवलं आणि सांगितलं. यशू तिच्या मांडीवर होती. पल्लवीने ऐकून घेतलं. "एक बार बोलते तो..." ती म्हणाली, "मैं मास्क लगाके बैठती, आत्या. दुरून बसली असती."  तिने त्याला माफ केलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी केलेलं नाही.

खोलीतल्या फळीवर एक स्टीलचं ताट पालथं घातलेलं होतं. काठावर खिळ्याने ओरखडलेली एक रेघ. घरातल्या भांड्यांत मिसळू नये म्हणून दादाने केलेली खूण. तो ते स्वतःच घासायचा. वहिनीला वाटायचं, माशांच्या औषधाचा विटाळ नको म्हणून करत असेल. पल्लवीने रेघेवरून बोट फिरवलं आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात आली. धुतलं, पुसलं आणि त्यात यशूसाठी वरणभात कालवायला बसली.

"ते नको घेऊ वो," वहिनी घाईने म्हणाली, "ते तुह्या पप्पाचं अलगचं हाये."

"माहीत आहे मले," पल्लवी म्हणाली आणि कालवत राहिली. यशूने पहिला घास थुंकला. दुसरा खाल्ला.

परत जाताना वहिनी तिला भांड्यांचा नवा सेट देत होती. तिने तो घेतला नाही, ताट नेलं. परवा व्हिडिओ कॉलवर यशू त्यात वरण-पोळी कुस्करताना दिसली. दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले, आणि पल्लवी ते पुसत नव्हती.