वकील नसलेली व्यक्ती हवी

घरात तिला पाऊणवकील म्हणत. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. सून कायद्याच्या अभ्यासात एम.ए. झाली, पहिल्या वर्गात झाली, पण त्या पदवीनं वकील होता येत नाही, हे कळल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "म्हणजे पोहायला शिकवलं आणि पाण्यात उतरायचं नाही असं लिहून घेतलं?"

"काठावरही पुष्कळ कामं असतात, बाबा."

हे वाक्य तिचं नव्हतं, प्राध्यापकांचं होतं. शेवटच्या तासाला त्यांनी वकील नसलेल्यांना खुल्या असणाऱ्या वाटा फळ्यावर लिहून दाखवल्या होत्या. विमा, रुग्णालयं, करार विभाग, कर्मचारी विभाग. फळा भरला तसं वर्गाला बरं वाटलं. पुढचं वर्षभर ती त्या फळ्यावरच्या वाटा तुडवत होती. विमा कंपनीला वकीलच हवा होता. रुग्णालयाला कायदा जाणणारा डॉक्टर हवा होता. करार विभागाला संचालकांचा भाचा हवा होता आणि सुदैवानं तो मिळाला. "वकील नाही, मग कायदा कशाला शिकलात?" हा प्रश्न सगळीकडे विचारला जाई. घरीही विचारला जाई, पण घरी निदान चहा मिळे.

त्यामुळे धुलाई कारखान्याची जाहिरात तिनं नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. पद, संवाद अधिकारी. कायद्याचं शिक्षण आवश्यक. उमेदवार वकील नसावा.

"नसावा?" नवरा म्हणाला. "छापताना चुकलं असेल."

चुकलं नव्हतं. मॅनेजरनं मुलाखतीतच सांगितलं, "वकील दिसला की माणसं बिचकतात. आम्हाला ऐकून घेणारं माणूस हवंय." इतकं सरळ कारण तिला वर्षभरात कुणी दिलं नव्हतं. सासरे म्हणाले, "चला, काठाला गिऱ्हाईक मिळालं."

कारखान्यात रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येत. खाली मोठी धुलाई यंत्रं, त्यापुढे वाफेचे रोलर, रोलरपुढे घड्या घालायची लांब टेबलं. जमीन बाराही महिने ओली. तिची खोली साबणाच्या कोठाराशेजारी होती. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि नीट लागणारं दार, जे त्या इमारतीत दुर्मिळ होतं. दारावर पाटी हवी, असं तिनं सुचवलं आणि दुसऱ्याच दिवशी पाटी आली. 'इथे बोललेलं इथेच राहतं.' त्या कारखान्यात इतक्या लवकर कुठलीच पाटी आली नव्हती. पुरुषांच्या संडासाची तर अजून यायची होती.

माणसं येऊ लागली. कुणाची पाळी बदलायची असे, कुणाचं मुकादमाशी वाजलेलं असे. ती ऐकून घेई. शनिवारी मॅनेजर बोलावून विचारी, "नावं नकोत हं. नुसतं काय चाललंय तेवढं सांगा." ती नावं न घेता सांगे. पंखे आले, पाण्याचं पिंप आलं. आपण शिकलो ते कामी येतंय, असं तिला वाटायला लागलं आणि ते खोटंही नव्हतं.

घडीमावशी रोलरजवळ घसरून पडल्या, त्यांचा खुबा मोडला आणि तीन महिन्यांनी काठी टेकत त्या नुकसानभरपाई मागायला आल्या. मॅनेजरनं त्यांना आधी तिच्या खोलीत पाठवलं. घड्या घालण्यात मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ते नाव. कडक खुर्चीवर त्यांना बसवेना. दुसऱ्या दिवशी तिनं घरून उशी आणली. सासऱ्यांची.

"तुला म्हणून सांगते," उशीवर टेकत मावशी म्हणाल्या. "पडले तेव्हा पायात माझ्याच चपला होत्या. कंपनीचे बूट नव्हते."

"का हो?"

"अगं, त्या एका बुटात माझ्यासारख्या दोघी संसार करतील. सगळे एकाच मापाचे आणलेत, आणि ते माप मुकादमाच्या पायाचं. त्याला म्हटलं, बाबा रे, लहान दे. तर म्हणतो, पुढे चिंध्या कोंबा. कोंबल्या. निघाले, तर मी पुढे आणि बूट तिथेच!"

दोघीही हसल्या. हसताना खुब्यात कळ आली, तसं मावशींनी टेबल धरलं. "कुणाला सांगू नकोस गं मात्र."

"दारावर काय लिहिलंय, मावशी?"

"चष्मा घरी राहिला. तू सांगतेस ना, मग झालं."

शनिवारी तिनं मॅनेजरला सांगितलं की बायकांसाठी लहान मापाचे बूट मागवायला हवेत, नाहीतर त्या चपला घालतात, आणि चपला घातल्या की पडतात. नाव घेतलं नाही. पण पडलेली बाई कारखान्यात एकच होती. पुढच्या आठवड्यात लहान बूट आले. ते वाटले गेले त्या दिवशी ती खुशीत होती. त्यानंतर मावशींनी भरपाईचा दावा लावला आणि तिला साक्षीचं समन्स आलं, कंपनीच्या बाजूनं. कंपनीचं म्हणणं असं की कामगार बाईनं दिलेले बूट घातले नव्हते, सबब भरपाईचा प्रश्न येत नाही.

कंपनीचे वकील समजूतदार गृहस्थ होते. "घाबरू नका, बाई. मी विचारीन, तुम्ही 'हो' म्हणायचं."

"त्यांनी मला विश्वासानं सांगितलं होतं."

"अर्थात. विश्वासाशिवाय कोण सांगतं?"

"आपण पाटी लावलीय."

"पाटी म्हणजे कायदा नव्हे, तुम्ही शिकलेल्या आहात. अशिलानं मला सांगितलेलं मला मरेपर्यंत पोटात ठेवावं लागतं. तुमच्यावर ती सक्ती नाही. म्हणून तर वकील नको होता." त्यांनी फाइल मिटली. "जाहिरात मीच लिहिली होती. चांगली झाली होती ना?"

अशिलाच्या गुपितावर तिला परीक्षेत प्रश्न आला होता. त्यात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. उत्तरात वकील होता, अशील होतं. त्या दोघांसारखी दिसणारी, पण दोघांपैकी कुणीच नसलेली तिसरी बाई त्या प्रश्नात नव्हती.

"जाऊच नकोस," सासरे म्हणाले.

"समन्स आहे, बाबा."

"मग खरं काय ते सगळं सांग."

"विचारतील तेवढंच सांगता येतं."

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ती मावशींच्या घरी गेली. त्यांच्या सुनेनं साखळी न काढता दार उघडलं. "आई झोपल्यात." आत काठीचा आवाज येत होता.

"त्यांना एवढंच सांगा, उद्या त्यांनी मला विचारायचं, 'आणखी काय सांगितलं होतं?' बस, एवढंच."

"सांगते," सून म्हणाली आणि दार लागलं.

कामगार भरपाईच्या कचेरीत सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. वकिलांनी विचारलं, चपला घातल्याचं या बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं का? ती म्हणाली, हो. वकील बसले. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींना वकील परवडला नव्हता. "तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचंय?"

मावशी काठीवर भार देऊन उठल्या.

"ती उशी," मावशी म्हणाल्या, "तू आपणहून आणलीस, की कंपनीनं आणायला सांगितली?"

"मीच आणली, मावशी. घरून."

मावशींनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, खोटा माल परत करायच्या आधी गिऱ्हाईक पाहतं तसं. "अजून काही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही. हिच्याशी आता काय बोलायचं?"

"साहेब," ती म्हणाली, "त्यांनी मला आणखीही सांगितलंय."

"विचारलेलं नाही," वकील न उठताच म्हणाले.

"साहेब स्वतः विचारू शकतात. त्यांना तो अधिकार आहे."

आपले अधिकार साक्षीदाराकडून ऐकायला कुणालाच आवडत नाही. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि वैतागून म्हणाले, "बोला." तिनं सांगितलं. बुटांचं माप, चिंध्या, मुकादम, आणि मावशी पडल्यानंतर कंपनीनं घाईनं आणलेले लहान बूट. वकिलांनी पेनाचं टोपण लावलं.

निकाल पुढे मावशींच्या बाजूनं लागला. त्याआधीच संवाद अधिकारी हे पद अनावश्यक ठरलं होतं. खोलीत आता साबणाची पोती आहेत. पाटी काढायचं कुणाला सुचलं नाही. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका कारखान्याची जाहिरात आली, उमेदवार वकील नसावा. नवऱ्यानं ती तिला वाचून दाखवली नाही.

पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सुनावणी संपून सगळे बाहेर आले, तेव्हा इमारतीचा जिना नुकताच पुसलेला होता. मावशी पहिल्या पायरीशी थांबल्या. त्यांची सून रिक्षा बघायला पुढे गेली होती. मागून आलेल्या तिनं हात पुढे केला.

मावशींनी कठडा धरला.

"नको," त्या म्हणाल्या. "परत पडले, तर कशी पडले ते तुला ठाऊक असायला नको."