फुकटच्या शिव्या

आमच्या इटलीतल्या तोरिनो शहरात चारचौघांत रुबाबाने मिरवणारे पुरुष, एका बाईने आपल्याला तासभर दरडावावं, गुडघ्यावर बसवावं आणि चाबकाचे चार फटके द्यावेत म्हणून रोख पैसे मोजतात. हा ‘मालकिणी’चा धंदा मी तीस वर्षं केला. कंबर गेली तेव्हा थांबले आणि धंद्याची खोली नोएमीला भाड्याने दिली.

नोएमी चौतीस वर्षांची. आधी दातांच्या दवाखान्यात बसून पेशंटना वेळा द्यायची. उंच, देखणी, हातात चाबूक शोभायचा. पण गिऱ्हाईक येईल तर ना! मंगळवारी चारची वेळ ठरायची, ही उंच टाचांचे बूट चढवून, पट्टा आवळून खुर्चीत बसायची आणि साडेपाचला बूट काढायची.

‘मालकीणबाई, मी तुमच्या पायाची धूळ,’ असं मेसेजमध्ये लिहिणारे तर हमखास गायब. नुसती बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. एत्तोरे नावाचा एक महाभाग रोज चाळीस-चाळीस ओळी लिहायचा. जीव ओवाळून टाकीन म्हणायचा. तीनदा वेळ घेतली आणि तीनदा आला नाही. जीव ओवाळणं सोपं, दोन जिने चढून वर येणं अवघड.

मी नोएमीला झापलं. "दवाखान्यासारखं गोड काय बोलतेस? मेसेजमध्येच असा दम भर, की चळाचळा कापत आला पाहिजे!"

ती दम भरू लागली. सकाळ-संध्याकाळ शिव्या लिहून तिची बोटं दुखायची. मार्चमध्ये बारा जणांनी वेळ घेतली, त्यातला एक आला. मी काही धर्मशाळा उघडलेली नाही. "एप्रिलअखेर चार माणसं आली नाहीत, तर खोली मालिशवाल्याला देणार," असं तिला सांगून टाकलं. दवाखान्यात परत जावं लागणार म्हणून तिला रडू फुटलं. रडणारी मालकीण बघून मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी कॉफी गाळत होते. नोएमीने दवाखान्यातल्या जुन्या सवयीने एत्तोरेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"नमस्कार. काल चार वाजता आपली वेळ होती. आपण आला नाहीत. काही अडचण होती का?"

तिकडून एत्तोरे चाचरत म्हणाला, "अडचण कसली हो... सोमवारी तुम्ही मला जे सुनावलंत ना, कुत्रा, नालायक वगैरे, तेवढ्यानंच माझं भागलं."

नोएमीने फोन ठेवला. "बाई, आपण अन्नछत्र चालवतोय."

मी तिच्यापुढे कॉफीचा कप सरकवला. सल्ला माझाच होता.

तिने दवाखान्यासारखा फॉर्म बनवला. पूर्ण नाव, रक्तदाब, चालू औषधं, गुडघे कसे आहेत, कशाची भीती वाटते. वर अट: आदल्या दिवशी सकाळी दहा ते अकरा स्वतः फोन करून वेळ पक्की करा, नाहीतर रद्द. शिवी एकही नाही. सगळीकडे ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’.

एत्तोरे खवळला. ‘कृपया म्हणतेस? तू खरी मालकीणच नाहीस!’

‘आपला फॉर्म अद्याप मिळालेला नाही. धन्यवाद,’ नोएमीने लिहिलं. पुन्हा त्याची एक ओळ आली नाही. पायाची धूळ म्हणे! पाच प्रश्नांत उडाली.

बाकीचे शूरवीरही असेच पांगले. अख्ख्या एप्रिलमध्ये फॉर्म भरला फक्त चौघांनी. मी मनातल्या मनात मालिशवाल्याचं टेबल मापून ठेवलं. पण पहिला आला. दुसरा आला. तिसरा फुलं घेऊन आला, त्याबद्दल त्याला वेगळे फटके मिळाले.

तीस तारखेला चारची वेळ ओस्वाल्दोची होती. एकाहत्तर वर्षांचा, रेल्वेतला निवृत्त तिकीट तपासनीस. पावणेचारला नोएमी खुर्चीत बसली. बुटांचे बंद सोडून पुन्हा बांधत होती. मीही दारापाशीच घुटमळत होते, खोटं कशाला बोलू? चारला पाच कमी असताना जिन्यात पावलं वाजली आणि दारापाशी थांबली. घंटा मात्र वाजेना. हाही पळणार, म्हणून मी दाराच्या भोकातून पाहिलं. म्हातारा टोपी हातात धरून घड्याळाकडे बघत उभा होता. बरोबर चार वाजता त्याने घंटा दाबली.

नोएमीने दार उघडलं.

"बाईसाहेब, माझा डावा गुडघा जरा—"

"वाचलंय मी," ती शांतपणे म्हणाली. "उजवा टेका."

त्याने टेकला. इतकं निमूट माझं तीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं, मी एवढा आरडाओरडा करूनही. मला माझीच लाज वाटली. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि मालिशवाल्याला फोन करून सांगितलं, खोली गेली.