सारवलेल्या अंगणातला डाग

जीप घरी आली की बायको मले ती सारवलेल्या अंगणातच उभी करायले लावे. "पोपडे निघतीन," म्हटलं तर म्हणे, "निघू द्या. गाडी कुठून गळून राह्यली ते त समजते." शेणाच्या सारवणावर थेंब लपत नाही. डाग दिसला की ती त्यावर लोटाभर पाणी टाकून बोटानं चोळे. तवंग आला तर इंजिनचं तेल. पाण्यात विरघळलं तर ब्रेकचं. मग गाडी जागची हलू देत नसे.

ती गेली त्या साली गावचा कापूस बोंडअळीनं खाल्ला. वेचणाऱ्या बायांना मी बाभुळगावकडच्या शेतांवर नेत होतो. एका सकाळी नाल्याच्या उतारावर पेडल पार खाली गेलं. पंप करून करून गाडी कशीबशी थांबवली.

"उतरा. ब्रेक गेला. पायी जा."

"उद्या याल ना, काका? नाही त रोजी बुडते."

पहिल्या गेअरमध्ये जीप घरी आणली. ब्रेक ऑइलची बाटली रिकामी. गळते कुठून? ती गेल्यापासून अंगण सारवलंच नव्हतं. सगळं धुळीनं पिऊन टाकलं होतं. मग मीच शेण कालवलं.

शेजारची वहिनी कुंपणावरून हसली. "भाऊजी, सारवता का गिलावा करता?"

"हसू नका. शिकवा."

सारवण वाळल्यावर जीप त्यावर घेतली, ऑइल भरलं, पेडल दाबत बसलो. मागच्या डाव्या चाकाखाली डाग आला. पाणी टाकलं, विरघळला. चाक खोललं तर आतल्या ब्रेक सिलिंडरचं रबर चिरलेलं, ब्रेकचे लायनर तेलानं भिजलेले. बसनं बाभुळगावले जाऊन दोन्ही नवे आणले, बसवले.

राहिली पायपातली हवा काढायची. एकानं खाली चाकाजवळचं हवा सोडायचं निप्पल खोलायचं, एकानं वर पेडल दाबायचं. पेडलचं काम बायकोचं होतं. वहिनीले बसवलं.

"दाबा."

"दाबलं. ताई असंच करे काय?"

"ती बोलत नव्हती."

"मंग मीही नाही बोलत."

गाडीखालून मले वरचं माणूस दिसत नव्हतं. नुसता पेडलचा आवाज. हवा निघून गेली तरी मी थोडा वेळ "दाबा" म्हणत राहिलो.

सकाळी जीपखाली कोरडं होतं. बाया चढल्या. उतारावर पाय दाबला, गाडी जागेवर थांबली.

आता जीप उभी राहते तेवढी जागा मी सारवतो. बाकीचं अंगण तसंच हाये.