कातरणीची रजा

औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत दिनदर्शिका छापणारा छापखाना आहे, तिथं मी पानं तपासायचं काम करते. लोकांचं नवं वर्ष जानेवारीत येतं, माझं भाद्रपदातच चालू होतं. सण, सुट्ट्या, चौकटी, सगळं माझ्या नजरेखालून जातं. त्यामुळं की काय, वेळ वाया घालवणारा माणूस मला डोळ्यांसमोर नको असतो. पुंडलिकनगरच्या घरी फ्रिजवर माझी आठवड्याची यादी लावलेली असते. "जांभई किती वाजता द्यायची तेही लिहून ठेव," असं नवरा म्हणतो. म्हणू दे.

माझे वडील, आबा, देवगाव रंगारीला मेंढरं राखतात. पाऊस उघडून ऊन तापायला लागलं, की दसऱ्याच्या आसपास ते कातरणी करतात, म्हणजे थंडी पडेपर्यंत मेंढरांच्या अंगावर पुन्हा बोटभर लोकर येते. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याच लोकरीच्या घोंगडीत झोपून मी मोठी झाले.

त्या वर्षी आबांचा उजवा हात खांद्यातून वर होत नव्हता, कातर धरणं तर लांबच. मी म्हटलं, माणसं मी बोलावते, सगळं मी बघते. पण दसऱ्याला छापखान्यात मान वर करायला फुरसत नव्हती. आबांचे फोन येत राहिले. "बाई, ऊन चांगलं हाय. धरू का कातरणी?" मी सांगत राहिले, या रविवारी नाही, पुढच्या. असं करता करता दिवाळीसुद्धा गेली. थंडीच्या तोंडावर एक रविवार मोकळा सापडला आणि तो मी पक्का केला.

आदल्या दिवशी आई-आबांनी मेंढरं ओढ्यात धुऊन काढली होती. सकाळी मी स्कूटरवरून पोचले तेव्हा कातरणारे तिघं येऊन बसले होते. आबांनी कातरींना भंडारा लावला आणि काम सुरू झालं. एकेक मेंढरू पाय बांधून आडवं होत होतं, काळ्या लोकरीचा ढीग वाढत होता. पंचेचाळीस मेंढरं होती. मी घड्याळ बघून हिशेब करत होते, तीनच्या आत सगळं उरकतं.

अकराच्या सुमाराला आबा उठले आणि वाडग्याच्या कडेला गेले. आमचं वाडगं म्हणजे नुसतं काट्यांचं कुंपण, वर छप्पर नाही. ते उगवतीकडं तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसत होती.

"थांबवा," आबा म्हणाले. "राहिलेली नका कातरू. वारं फिरलंय, पाणी येतंय."

कातरणारे माझ्याकडं बघायला लागले, कारण बोलावणं माझं होतं. निम्मी मेंढरं व्हायची होती. त्यात बारा गाभण होत्या, महिनाभरात विणाऱ्या. आबांनी त्या मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या.

मी मोबाइल काढून दाखवला. "यात पाऊस नाही, आबा. नुसतं ढगाळ आहे."

"त्याच्यात नसंल. इथं हाय."

"मला पुन्हा रविवार मिळायचा नाही. ही माणसंही पुन्हा मिळायची नाहीत."

"नाय तर नाय, माय. लोकर काय पळून जाती व्हय?"

यावर मी जे बोलले ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. "तुम्हाला वेळेची किंमतच नाही, आबा. सगळा जन्म आभाळाकडं बघण्यात घालवला." तिघा परक्या माणसांसमोर बोलले. आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि खाली बसले. "कातरा," म्हणाले.

अडीच वाजता शेवटची गाभण मेंढी सुटली. कातडी गुलाबी दिसत होती आणि ती थरथरत होती. मी मोबाइलमधल्या यादीत त्या कामावर खूण केली. सांगायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं होतं.

चार वाजता गारा आल्या.

कातरणारे केव्हाच निघून गेले होते. आम्ही तिघंच होतो, त्यात आबांचा एकच हात चालणारा. गाभण मेंढ्या ओढत, ढकलत घरात घेतल्या, तोवर त्या भिजून गारठल्या होत्या. दोन खोल्यांत मावतील तेवढ्या मेंढ्या कोंबल्या, बाकीच्यांवर पोती टाकली, वाकळा टाकल्या, माझी शाल टाकली. सगळं क्षणात भिजून जड झालं. आई सकाळी कातरलेली लोकर ओंजळी भरभरून आणत होती आणि त्यांच्या पाठीवर टाकत होती. ती घसरून खाली पडत होती. आई पुन्हा उचलून टाकत होती. "राहू दे," आबा म्हणाले, "आता चिकटायची नाय ती."

सकाळपर्यंत सहा मेंढ्या गेल्या. त्यातल्या चार गाभण होत्या. आबांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी निदान रडले असते.

पुढच्या वर्षी भाद्रपदात त्यांचा फोन आला. खांदा सुधारला नव्हताच. "बाई, तुझी सुट्टी कवा हाय ते सांग. तवाच धरू कातरणी."

त्यांचे टोमणे मला चांगले ओळखता येतात. हा टोमणा नव्हता. आभाळ बघून पन्नास वर्षं मेंढरं जगवलेला माणूस मला तारीख विचारत होता. सहा मेंढ्या मेल्या त्यापेक्षा मोठं काहीतरी मी मारून ठेवलं होतं.

"कळवते," एवढंच म्हणाले.

दसऱ्याला चार दिवस होते. छापखान्यात शेवटची पानं चालू होती, मालक डोक्यावर उभे होते. मी कुणाला न सांगता स्कूटर काढली आणि देवगाव गाठलं. आबा वाडग्यापाशी बसले होते.

"कातरणी कधी धरायची?" मी विचारलं.

"तूच सांग. मला काय कळतंय?"

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगाल त्या दिवशी."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, कुंपणाच्या कडेला गेले आणि उगवतीकडं तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्या मागं उभी राहिले. घड्याळ बघितलं नाही.

"उद्या नको," ते म्हणाले. "परवा." मग माझ्याकडं वळून, जरा दबकत विचारलं, "परवाची रजा हाय का तुला?"

"हाय," मी खोटंच सांगितलं.